हिरवी तार

मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे दिवाणजी म्हणजे सुताची आवक लिहिणारा, विणलेलं कापड मापून घेणारा, कामगारांची हजेरी आणि मजुरी मांडणारा माणूस. कारखान्यात 48 साधे माग होते, आता 36 राहिलेत. 2022 च्या शेवटी 12 माग किलोवर भंगारात गेले. ते टेम्पोत चढवताना वजनाची चिठ्ठी मीच लिहिली.

तेव्हा मी वायरमनच्या वर्गाला जायला लागून सहा महिने झाले होते. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, माग विकायला लागले म्हणून दिवाणजींनी दुसरा धंदा शोधला. तेही एक कारण होतंच. तेव्हा मुलगी दहावीत होती, माझं वय 43, हातात बी.कॉम.ची पदवी, आणि साध्या मागांच्या कारखान्याला पुढे किती वर्षं आहेत ते मालकांनाही सांगता येत नव्हतं. पण सुरुवात तिथून झाली नव्हती. सुरुवात मावशीच्या फ्रिजपासून झाली.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा मावशीच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. ते ओसरलं, चिखल काढला, भिंती धुतल्या, पंखे लावून घर वाळवलं. आठ-दहा दिवसांनी फ्रिज चालू केला. मावशी मोरीतून ओल्या पायांनी आली आणि तिनं फ्रिजचं दार धरलं. तिचा हात सुटेना. मावसभाऊ दारातच होता, त्यानं धावत जाऊन मेन पाडला म्हणून ती वाचली. तळहातावरचा डाग अजून आहे.

मग एक जण आला. त्यानं बोर्ड बदलले, तारा तपासल्या, "अर्थिंगपण करून दिलंय" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. त्या वेळी मी तिथं उभा होतो. उघड्या बोर्डात हिरवी तार मी डोळ्यांनी पाहिली होती. हिरवी तार म्हणजे अर्थिंग, गळणारी वीज जमिनीत नेणारी तार, एवढं मला ठाऊक होतं. मी मावशीला सांगितलं, "आता काळजी नाही." ते वाक्य मी बोललो होतो, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट कारखान्यातली. दर महिन्याला विजेचं बिल यायचं आणि मी युनिट वहीत उतरवायचो. 19 वर्षं. मागच्या महिन्यापेक्षा किती जास्त, किती कमी, सुताच्या वजनाशी ताळा जुळतो का, हे सगळं पाहायचो. पण युनिट म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला पडला नव्हता. 2021 मध्ये एका महिन्यात बिलात पॉवर फॅक्टरचा, म्हणजे घेतलेल्या विजेतली पुरेशी कामाला न लागल्याचा, दंड आला. मालकांनी विचारलं, "दिवाणजी, हे कशाचे पैसे?" मला सांगता आलं नाही. नेहमीचे वायरिंग कॉन्ट्रॅक्टर अण्णा आले, त्यांनी पॅनलमधले फुगलेले दोन कपॅसिटर काढून नवे बसवले, आणि पुढच्या बिलातून तो आकडा गेला. मी अण्णांना विचारलं की या डब्यानं नेमकं काय केलं. ते म्हणाले, "दिवाणजी, हे दोन मिनिटांत सांगायचं नाही. शिकायचं असेल तर शीक."

जून 2022 मध्ये नाव घातलं. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ, आठवड्याचे पाच दिवस, एक वर्ष. लोक याला अजून पीडब्ल्यूडी वायरमनचा कोर्स म्हणतात. सरकारी मराठीत वायरमनला तारतंत्री म्हणतात. इलेक्ट्रिशियन वीजतंत्री, फिटर जोडारी, टर्नर कातारी. हे शब्द आयटीआयच्या पाटीवर लहानपणापासून वाचलेले, पण तारतंत्री हा शब्द आता माझा झाला आणि मला तो फार आवडतो. आमच्या मागावरही धागा तुटला की तार तुटली म्हणतात.

वर्गात 22 जण. बहुतेक 18-19 वर्षांचे, मला आधी काका म्हणायचे आणि मग सगळ्यांनी दिवाणजी हेच नाव धरलं. माझ्या शेजारी बसणारा पोरगा दिवसपाळीचे बारा तास माग चालवून यायचा. तो हट्टानं पहिल्या बाकावर बसायचा, कारण कानात मागाचा आवाज भरलेला असायचा आणि मागच्या बाकावर मास्तरांचं बोलणं त्याला ऐकू यायचं नाही. मी सातला कारखाना सोडायचो, वाटेत एक चहा आणि दोन पाव, आणि वर्गात. घरी जेवायला दहा वाजायचे. पगाराच्या दिवशी वर्ग बुडायचा. त्या दिवशीचं मी दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या वहीतून उतरवून घ्यायचो. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं.

मास्तर लाइनवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. पहिला आठवडा त्यांनी आम्हाला पक्कडसुद्धा हातात दिली नाही. फक्त टेस्टर. चालू असलेल्या जागेवर टेस्टर लावून बघायचा की तो पेटतो. मग जिथं काम करायचं तिथं लावायचा. मग परत चालू जागेवर. कारण मधल्या मिनिटात टेस्टरच गेला असला तर? हे त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतलं की आजही घरात बल्ब बदलताना माझा हात आपोआप तीनदा जातो. मला वाटतं, या धंद्यात पहिल्या आठवड्यात हे एवढंच शिकवावं.

घरचा अभ्यास मुलीबरोबर व्हायचा. तिच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चौथा धडा विद्युतधारेचे परिणाम. रात्री साडेदहाला एकाच टेबलावर ती तिचं वाचायची आणि मी माझं. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तिनं मला शिकवला. तर्जनी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट म्हणजे धारा, अंगठा म्हणजे बल. तीन बोटं काटकोनात धरून मी बसलो की बायको स्वयंपाकघरातून बघायची, पण काही बोलायची नाही. मला झोप आवरत नसेल तेव्हा न विचारता चहा ठेवायची.

मोटारीचा पाठ मला कायम लक्षात राहील. मास्तरांनी फळ्यावर मांडलं, 120 गुणिले 50 भागिले 6, म्हणजे 1000. 50 म्हणजे आपल्या विजेची वारंवारता, 6 म्हणजे मोटारीतले चुंबकीय पोल. अशा सहा पोलच्या मोटारीतलं फिरतं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1000 फेरे घेतं. मग म्हणाले, "तुमच्या गावातल्या मागाच्या मोटारीवर काय लिहिलंय, कुणी बघितलंय?" कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेल्या गेल्या मी पहिल्या ओळीतल्या मोटारीवरची रुई फडक्यानं पुसली. 1 एचपी, 415 व्होल्ट, 960. ती मोटार माझ्या टेबलापासून वीस पावलांवर 19 वर्षं फिरत होती. संध्याकाळी मास्तरांना विचारलं, उरलेले 40 फेरे कुठे गेले? ते खूश झाले. रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, मागे राहतो म्हणूनच क्षेत्र त्याच्या पट्ट्यांना छेदतं, म्हणूनच त्यात धारा निर्माण होते, म्हणूनच जोर मिळतो. तो क्षेत्राच्या बरोबरीनं धावला तर जोर शून्य. त्या रात्री मी सायकलवरून घरी येताना मनात फक्त तेच 40 फेरे होते.

सुट्टीच्या दिवशी अण्णांबरोबर कामाला जायचो. भिंतीत झिरी मारायची, पाइप बसवायचे, डबे बसवायचे, मग स्प्रिंग घालून तारा ओढायच्या. माझे हात पेनचे. पहिल्या महिन्यात छन्नीवरची हातोडी निसटून अंगठ्याचं नख काळं झालं आणि त्या आठवड्याची मजुरी मी चार बोटांत पेन धरून मांडली. तळहाताला फोड आले, फुटले, मग कातडी घट्ट झाली. बायकोनं एकदा हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "हे आता बाबांच्या हातासारखं झालंय." माझे वडील जॉबर होते. माग दुरुस्त करायचे.

दिव्याला एक किंवा दीड स्क्वेअर एमएम, प्लगला अडीच, गीझरला चार, तारेचं बंडल 90 मीटरचं, फेज नेहमी स्विचमधून, न्यूट्रल थेट दिव्याला, थ्री-पिनची मोठी पिन लांब का, तर अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून. हे सगळं हळूहळू हातात बसलं. त्यातला एक दिवस सविस्तर सांगायला हवा.

शिरोळ तालुक्यात एका नव्या बंगल्याचं काम होतं. खालच्या आणि वरच्या मजल्याला वेगवेगळी डीबी, म्हणजे वीज वाटून देणारी पेटी, आणि प्रत्येकात एक आरसीसीबी. ही यंत्रणा फेजमधून गेलेली धारा आणि न्यूट्रलमधून परत आलेली धारा सतत ताडून पाहते. दोन्हींत 30 मिलिअँपिअरइतका फरक पडला की ती पुरवठा तोडते, कारण तो फरक कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. जिन्याच्या दिव्याचं टू-वे कनेक्शन, म्हणजे खालून आणि वरून दोन्हीकडून चालू-बंद होणारं, मी केलं होतं. बटण दाबलं की दिवा क्षणभर पेटायचा आणि खालचा आरसीसीबी टक् करून पडायचा. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. इन्सुलेशन मोजायचा मेगर लावला, ते उत्तम. दिवा बदलला. स्विच बदलले. घराचे मालक खुर्ची टाकून बघत बसलेले. अडीच तास गेले. अण्णा शेजारच्या खोलीत पंखे चढवत होते, त्यांना सगळं दिसत होतं, पण ते काही बोलले नाहीत.

शेवटी आले आणि विचारलं, "दिवाणजी, वहीत ताळा जुळत नाही तेव्हा तू काय करतोस?"

मी म्हटलं, "एकेक खातं वेगळं काढतो."

"मग काढ की."

मी खालच्या डीबीच्या न्यूट्रल लिंकवरून एकेक तार सोडवून मोजायला लागलो आणि दहाव्या मिनिटाला सापडलं. जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या डीबीतून दिला होता आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरचा, कारण तो जवळ पडत होता. नावे एका खात्यात आणि जमा दुसऱ्याच खात्यात. खालच्या आरसीसीबीला गेलेली धारा दिसत होती, परत आलेली दिसत नव्हती. तो त्याचं काम चोख करत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की 19 वर्षांची वही वाया गेलेली नाही, ती याच कामाची तयारी होती. अण्णांनी मालकांसमोर काही सांगितलं नाही. गाडीत मात्र म्हणाले, "पुन्हा न्यूट्रल उसना घेऊ नकोस. कुणाचाच."

आता हिरव्या तारेकडे येतो.

ऑक्टोबरमध्ये मास्तरांनी अर्थिंगचा धडा घेतला. समजा फ्रिजमधली फेजची तार पत्र्याला टेकली. अर्थिंग चांगली, 3 ओहम. 230 भागिले 3, म्हणजे 76 अँपिअरच्या वर. 16 अँपिअरची एमसीबी, म्हणजे धारा जास्त झाली की आपोआप पडणारा स्विच, काही सेकंदांत पडणार. आता अर्थिंग वाईट, 20 ओहम. 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. 16 ची एमसीबी पडणारच नाही. तिच्या दृष्टीनं तो नेहमीचा भार. फ्रिजचा पत्रा जिवंत राहणार, दिवसभर, रात्रभर, कुणीतरी हात लावेपर्यंत. "एमसीबी तारेला वाचवते," मास्तर म्हणाले, "माणसाला वाचवायला अर्थिंग आणि आरसीसीबी लागते." मग एका पोरानं विचारलं, "आणि अर्थिंग नसलीच तर?" मास्तरांनी उत्तर दिलं नाही. फळ्यावर 230 खाली रेघ मारली आणि रेघेखाली माणसाचं चित्र काढलं.

मी त्या रात्री झोपलो नाही. दिवाळीच्या साफसफाईला मावशीकडे गेलो तो टेस्टर, डिसमिस आणि सिरीज लॅम्प घेऊनच. मेन बंद केला, फ्रिजचा बोर्ड उघडला. हिरवी तार सॉकेटच्या अर्थ पिनला नीट कसलेली होती. मी ती पाइपातून हलकेच ओढली आणि ती बाहेर आली. वीतभर. टोकाला काळी टेप गुंडाळून पाइपात आत खोचून ठेवलेली. दुसरा बोर्ड उघडला, तसंच. तिसरा, तसंच. घरात कुठेही जमिनीपर्यंत जाणारी एकही तार नव्हती. 2019 पासून तीन वर्षं, त्यात 2021 च्या जुलैचा दुसरा पूर, मावशी त्या फ्रिजचं दार रोज उघडत होती. आणि मी तिला सांगितलं होतं, आता काळजी नाही.

ज्यानं ती तार तशी खोचली त्याला हे ठाऊक होतं. टेप गुंडाळायला त्यानं वेळ काढला होता. टेपच्या त्या तीन वेढ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

अण्णांना फोन केला. ते पुढच्याच सुट्टीला दोन माणसं घेऊन आले. खड्डा घराच्या पायापासून दीड मीटर लांब हवा. मावशीचं परसू केवढं, तर दोन चारपाया मावतील एवढं. दीड मीटर मोजलं तर फीत नेमकी तुळशी वृंदावनापाशी आली. मावशी म्हणाली, "तिथं पहार लागू द्यायची नाही." अर्धा तास बोलणी झाली. शेवटी वृंदावन जागेवर ठेवून त्याच्या डाव्या अंगाला खणायचं ठरलं. काळी माती, नदीकाठची, आठ फुटांवर चांगली ओल लागली. अडीच मीटर लांबीचा, 40 एमएम जाडीचा, भोकं पाडलेला जीआय पाइप उभा केला, भोवती लोणारी कोळसा आणि मीठ असे थर भरले, वर पाणी घालायला नरसाळं आणि सिमेंटचा चौकोनी डबा. तिथून घरात अखंड तार. मेनजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. मग अण्णांनी अर्थ टेस्टर काढला, दोन खुंट्या गल्लीच्या बाजूला ठोकल्या आणि मला म्हणाले, "तू वाच."

1.9 ओहम.

मी तो आकडा डायरीत तारीख घालून लिहिला. मावशी खड्ड्याकडे बघून म्हणाली, "एवढ्याशा तारेसाठी एवढं खोल जावं लागतं होय?"

परीक्षेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लेखी सोपी गेली. प्रात्यक्षिकात मला जिन्याचं कनेक्शन आलं, आणि ते मी शिरोळच्या बंगल्यात अडीच तास शिकलो होतो. तोंडीत विचारलं की माणूस तारेला चिकटला तर पहिलं काय करशील. पुरवठा बंद, माणसाला हात नंतर. मावसभावाचं उदाहरण दिलं. तारतंत्री परवाना हातात आला तेव्हा मुलगी अकरावीला गेली होती. तिनं त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

परवाना मिळाला म्हणून स्वतःच्या नावावर कामं घेता येत नाहीत. त्याला कॉन्ट्रॅक्टरचा परवाना वेगळा लागतो, नव्या कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टवर सहीही कॉन्ट्रॅक्टरची लागते. म्हणून मी अजून अण्णांच्या हाताखाली आहे आणि अजून दिवाणजीही आहे. सकाळी नऊ ते सात वही, सुट्टीला पक्कड. पाठ दुखते. घरात कधी नसतो अशी तक्रार ऐकतो आणि ती खरी आहे. पण कारखान्यात एक काम मी मालकांची परवानगी घेऊन स्वतःहून केलं. जेवणाच्या सुट्टीत, रोज तीन-चार करत, 36 मागांच्या सांगाड्यांची अर्थ तपासली. सात मागांची तार बोल्टपाशी गंजून सुटलेली होती. त्या सातांपैकी एका मागावर माझ्या शेजारच्या बाकावरच्या पोराचा बाप उभा असतो. सगळे बोल्ट घासून, तारेच्या टोकाला नवे थिंबल लावून कसले. त्याची नोंद माझ्याच वहीत आहे, युनिटांच्या पानासमोर.

मावशीची अर्थिंग मी दर मेमध्ये मोजतो. पावसाळ्यानंतरचा आकडा फसवा असतो, जमीन वाळलेली असताना काय येतं तेच खरं, असं अण्णांचं म्हणणं. पहिल्या मेमध्ये 3.4 आलं होतं, यंदा 3.1. टेस्टरच्या खुंट्या उपटत होतो तेव्हा मावशी तुळशीला पाणी घालायला आली. प्रदक्षिणा झाली, हात जोडले, आणि तांब्यात उरलेलं पाणी तिनं वाकून त्या नरसाळ्यात ओतलं. मी विचारलं, हे कधीपासून करतेस? म्हणाली, "खणलं त्या दिवसापासून. तूच म्हणाला होतास ना, ओल राहायला पाहिजे."